आपलं खरं कुणी मानलंच नाही तर?

हॉरर सिनेमाच्या गप्पा निघाल्या की एक वाक्य हमखास येतंच, "न दिसणारं जास्त घाबरवतं." दिग्दर्शक मुलाखतीत हेच सांगतात, सिनेमावर बोलणारे सगळे हेच सांगतात, आणि ऐकून ऐकून ते इतकं गुळगुळीत झालंय की ते खरं आहे का हे कुणी तपासायलाच जात नाही. मला ते अर्धवट वाटतं, आणि सायकॉलॉजिकल हॉररच्या, म्हणजे मनातल्या भीतीवर चालणाऱ्या सिनेमांच्या बाबतीत तर मुद्दाच चुकवणारं वाटतं. माझ्या मते ह्या सिनेमांत आपण भुताला फारसे घाबरतच नाही. पडद्यावरच्या एका माणसाला काहीतरी भयंकर कळलेलं असतं, तो ते जीव तोडून सांगत असतो, आणि ज्यांनी ऐकायला हवं ते घरातलेच लोक ऐकत नसतात. त्याने आपल्या पोटात गोळा येतो. (पुढे काही सिनेमांच्या गोष्टी आणि शेवट फुटणार आहेत. ज्यांना नको असेल त्यांनी आधी सिनेमे बघा, सगळेच बघण्यासारखे आहेत.)

आधी दचकण्याचं बघू, कारण आपल्याकडे बरेचसे हॉरर सिनेमे तेवढ्यावरच चालतात. शांतता, मग एकदम ढॅण, आरशात चेहरा, थेटरात किंकाळी, त्यानंतर हसू. दचकणं शरीर करतं, मन नाही, कुकरची शिट्टी अचानक झाली तरी माणूस दचकतोच. पण ज्या सिनेमापासून ही युक्ती सुरू झाली असं मानतात तो बघा. १९४२ चा 'कॅट पीपल', निर्माता व्हॅल लूटन, दिग्दर्शक जॅक तुर्नर. रात्री ॲलिस एकटी चालत घरी निघालीय, मागे दुसऱ्या बाईच्या बुटांचा टकटक आवाज येतोय, मग तो आवाज थांबतो, पूर्ण शांतता, ॲलिस घाबरून पळायला लागते, आणि अचानक फिस्सस करून समोर बस येऊन उभी राहते. बस, बाकी काही नाही. आजही ह्या युक्तीला धंद्यात लूटन बस म्हणतात. सगळ्यांनी ती बस उचलली आणि सिनेमा तिथेच ठेवून दिला.

कारण त्या सिनेमाची गोष्ट काय आहे? इरीना नावाची नवी नवरी. तिला मनापासून भीती वाटते की नवऱ्याच्या जवळ गेलो तर आपण जनावर होऊ, बिबट्या होऊ. ती हे नवऱ्याला सांगते. तो चांगला माणूस आहे, मारझोड करणारा वगैरे नाही, पण त्याला हे सगळं लहानपणी ऐकलेल्या गोष्टींचं खूळ वाटतं, म्हणून तो तिला सायकियाट्रिस्टकडे पाठवतो. ती बिचारी त्या अनोळखी डॉक्टरसमोर मन मोकळं करून घरी येते, तर घरात नवऱ्याची ऑफिसातली मैत्रीण ॲलिस बसलेली, आणि बोलता बोलता कळतं की डॉक्टरचं नाव ॲलिसनेच सुचवलेलं, म्हणजे हिच्या मनातली सगळ्यात लाजिरवाणी, सगळ्यात खाजगी गोष्ट नवऱ्याने आधीच तिच्याशी बोलून झालेली. त्या क्षणी इरीनाचा चेहरा बघा. तिथून पुढे ती बिबट्या झाली काय, नाही झाली काय, तिचं घर तिच्यासाठी संपलेलं आहे. सिनेमातली खरी भीती तिथे आहे, बस तर नंतर येते.

आता "दाखवू नका, सुचवा" ह्याच्याकडे येतो. कियोशी कुरोसावा ह्या जपानी दिग्दर्शकाचा २००१ चा 'पल्स' आहे, त्यात एका खोलीत एक बाई लांबून चालत येते. पूर्ण दिसते, नीट दिसते, कॅमेरा हलत नाही, काही लपवत नाही. चालता चालता मध्येच तिचं अंग विचित्रपणे खाली झुकतं, तोल गेल्यासारखं, आणि ती परत सावरून पुढे यायला लागते. एवढंच, तरी अंगावर काटा येतो. म्हणजे दाखवूनही भीती वाटते, आणि न दाखवता कंटाळवाणे झालेले सिनेमे तर पैशाला पासरी सापडतील. त्यामुळे दाखवलं की लपवलं हा प्रश्नच मला दुय्यम वाटतो.

दुसरा लाडका सिद्धांत म्हणजे संदिग्धता. खरं काय ते शेवटपर्यंत कळू देऊ नका म्हणे, प्रेक्षकाला अधांतरी ठेवा. हाही मला पटत नाही आणि त्याला माझ्याकडे एकच उदाहरण पुरेसं आहे, १९६८ चा 'रोझमेरीज बेबी'. गरोदर रोझमेरीला संशय येतो की शेजारी आणि नवरा मिळून आपल्या बाळाचं काहीतरी वाईट करणार आहेत. त्यात शेवटी सगळं स्पष्ट होतं. शेजारचे म्हातारा-म्हातारी खरोखरच सैतानाचे पूजक असतात, नट असलेल्या नवऱ्याने स्वतःच्या करिअरसाठी खरोखरच सौदा केलेला असतो, रोझमेरीला आलेला जवळजवळ प्रत्येक संशय बरोबर निघतो. संदिग्ध काहीच उरत नाही. मग संदिग्धता संपल्यावर भीती कमी व्हायला हवी ना? ती उलट दहापट होते.

ह्या सिनेमातला एक सीन मी लोकांना नेहमी परत बघायला सांगतो. त्यात ना रक्त आहे ना अंधार, उलट भर उन्हाळ्यातला दिवस आहे. दिवस भरत आलेली रोझमेरी जड बॅग सांभाळत नवऱ्यापासून आणि त्या नावाजलेल्या डॉक्टर सॅपरस्टीनपासून पळालीय. घामाने डबडबलेली, टेलिफोन बूथमध्ये उभी राहून ती तिच्या आधीच्या डॉक्टरला, डॉक्टर हिलला गाठायचा प्रयत्न करते. बूथबाहेर एक माणूस पाठ करून उभा, तिला वाटतं सॅपरस्टीनच आला, पण तो निघतो भलताच कुणीतरी. शेवटी ती हिलच्या दवाखान्यात पोचते आणि सगळं सांगते, अगदी पहिल्यापासून. तो शांतपणे ऐकतो, मध्ये मध्ये मान हलवतो, तुला हॉस्पिटलमध्ये ॲडमिट करतो म्हणतो, आत जाऊन जरा पड म्हणतो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला कुणीतरी आपलं ऐकणारं भेटलं म्हणून ती निर्धास्त होते, तिचा डोळा लागतो. मग दार उघडतं आणि दारात सॅपरस्टीन आणि नवरा. हिलने फोन करून त्यांनाच बोलावून घेतलेलं.

हा हिल सैतानाच्या टोळीतला नाहीये हो. हे लक्षात घ्या. तो साधा, सज्जन, तरुण डॉक्टर आहे, आणि त्याने त्याच्या समजुतीप्रमाणे बरोबरच केलं, घाबरलेल्या गरोदर बाईला तिच्या माणसांच्या ताब्यात दिलं. आपल्यापैकी कितीजणांनी वेगळं काही केलं असतं? "दिवसांत असं होतं", "पहिलटकरीण आहे, घाबरते", "मनाचे खेळ आहेत गं", ही वाक्यं कुठल्या मराठी घरात ऐकलेली नाहीत? आधीचे कितीतरी दिवस ही बाई पोटात दुखतंय, दुखतंय म्हणून सांगत होती, वाळून काटकी झाली होती, आणि तिला रोज शेजारीण काहीतरी पौष्टिक म्हणून पाजत होती. ती शेजारीण रंगवणाऱ्या रूथ गॉर्डनला ऑस्कर मिळालं आणि ते योग्यच होतं, कारण तिने भयंकर असं काहीच केलेलं नाही, ती फक्त मायेने घरात घुसते आणि परत जात नाही.

स्टॅनले कुब्रिकच्या १९८० च्या 'द शायनिंग'वर लोक तासनतास बोलतात, हॉटेलचे कॉरिडॉर, तीनचाकीवरून फिरणारं पोर, गालिच्यावर गेली की आवाज बंद आणि लाकडी फरशीवर आली की घरघर, लिफ्टमधून लोटणारं रक्त. मला त्यातला सगळ्यात भीतीदायक भाग सुरुवातीचा वाटतो, हॉटेलात पोचण्याच्याही आधीचा. मुलाला तपासायला डॉक्टरीणबाई घरी आल्यात आणि त्याची आई वेंडी त्यांच्याशी बोलतेय. बोलता बोलता ती सांगते की नवऱ्याने दारूच्या नशेत पोराचा हात ओढला तेव्हा खांदा निखळला होता. आणि हे ती हसत सांगते. होतं असं कधीतरी, पण त्यातून चांगलंच झालं बघा, तेव्हापासून त्याने दारू सोडली. हातात सिगरेट, तिची राख वाढत वाढत चाललीय पण झटकायचं भान नाही. डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू मावळतं, पण त्या काही बोलत नाहीत. युरोपात सिनेमा दाखवला तेव्हा कुब्रिकने जवळपास २५ मिनिटं कापली आणि त्यात हा सीनही गेला. मला ते फार वाईट वाटतं, कारण इथे सांगणारी आणि न मानणारी एकच बाई आहे, ती स्वतःचंच खरं स्वतःशी नाकारतेय, आणि पुढचं सगळं ह्यातूनच येतं.

आणि बाहेर काय झालं बघा. वेंडी झालेल्या शेली ड्युव्हॉलला त्या वर्षी रॅझीच्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट कामांना थट्टेने देतात त्या पुरस्कारांच्या, वाईट अभिनेत्रीच्या यादीत टाकलं गेलं, किती रडते, किती किंचाळते म्हणून. ते नामांकन मागे घ्यायला २०२२ उजाडलं. कुऱ्हाड घेऊन मागे लागलेल्या नवऱ्यापासून पोराला वाचवणारी बाई रडते, थरथरते, हे लोकांना त्या वेळी अति वाटलं. इतकी वर्षं प्रेक्षकच त्या सिनेमातल्या डॉक्टरीणबाईंसारखे गप्प बसले होते असं मला वाटतं.

आपल्याकडे हे कुणालाच जमलं नाही असं अजिबात नाही. विशाल फुरियाचा 'लपाछपी' २०१७ ला थेटरात आला, नंतर २०२१ मध्ये त्यानेच तो हिंदीत 'छोरी' म्हणून केला. पूजा सावंतची गरोदर नेहा नवऱ्याबरोबर उसाच्या फडात असलेल्या एका लांबच्या घरात येऊन राहते. ज्यांनी उभा ऊस जवळून बघितलाय त्यांना ही जागा किती अचूक आहे ते कळेल. माणसाच्या डोक्यावर गेलेला ऊस, दोन पावलं आत गेलं की मागचा माणूस दिसत नाही, वारा नसतानासुद्धा पाचट सळसळत असतं, आणि धावायला गेलात तर पाला अंगभर कापत जातो. अंधाऱ्या वाड्याची गरजच नाही, हे भर दुपारी होतं. पण फडापेक्षा भारी आहे ती उषा नाईकांची तुळसाबाई. वेळेवर जेवायला वाढणारी, पोटुशीने हे खावं ते खाऊ नये सांगणारी. नेहाला लहान मुलं दिसतात, ऐकू येतात, ती सांगते, आणि तिच्या सांगण्याचं शेवटी "अशा अवस्थेत होतं असं" इथेच येऊन थांबतं.

ह्या सिनेमाचा विषय मुली मारण्याचा आहे आणि तो काही दिग्दर्शकाने भीतीसाठी कुठून शोधून आणलेला नाही. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, २०११ ला ८९४ झाल्या, आणि गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा तर १९९४ चा आहे. म्हणजे कायदा असताना, सगळ्यांना माहीत असताना, घराघरात शांतपणे हे होत राहिलं, आणि जेवायला वाढणाऱ्या हातांनीच झालं. 'लपाछपी' बघताना तुळसाबाईच्या मायेची जी भीती वाटते ती ह्यामुळे वाटते. शेवटाकडे सिनेमा जरा जास्तच समजावून सांगायला लागतो, भाषण होतं, ते नसतं तर अजून चाललं असतं. तरी मराठीत गेल्या काही वर्षांत इतकं नेमकं काही झालेलं मला आठवत नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक काकू राहायच्या. काका गेल्यावर त्यांना रात्री काकांचा खोकला ऐकू यायचा. त्या आल्यागेल्याला सहज सांगायच्या, रडून वगैरे नाही, "काल परत खोकले बरं का" असं. मुलगा-सून चांगली होती, पण त्यांना चार लोकांत बरं वाटेना, म्हणून त्यांनी एकदा समजावलं की आई, पाहुण्यांसमोर हे नको. काकूंनी त्यानंतर तो विषय कधीच काढला नाही. पण पॅसेजमधला लाईट मात्र त्या रात्रभर चालू ठेवायच्या, आणि लाईटबिलावरून बोलणी खायच्या. खोकला बंद झाला होता की फक्त सांगणं बंद झालं होतं, हे त्या घरात कुणी विचारलं नाही. मला ह्यापेक्षा भीतीदायक कथा लिहिता येणार नाही, आणि ह्यात भूत आहे की नाही ह्याने काय फरक पडतो?

आता जे मला खरंच टोचतं ते सांगतो. आपल्याकडे सायकॉलॉजिकल म्हटलं की शेवटी एक ट्विस्ट ठरलेला, अमुक माणूस "मेंटल" होता, सगळे खून त्याच्यातल्या दुसऱ्या माणसाने केले. वर एखादा चष्मेवाला डॉक्टर येऊन पाच मिनिटं व्याख्यान देतो, त्यात स्किझोफ्रेनिया आणि स्प्लिट पर्सनॅलिटी हे एकच असल्यासारखं बोलतो, जे साफ चूक आहे, ते दोन पूर्ण वेगळे आजार आहेत. निमहान्सने, म्हणजे बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने, २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत जे राष्ट्रीय सर्वेक्षण केलं त्यात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. म्हणजे ज्या थेटरात तो ट्विस्ट बघून लोक हुश्श करतात त्याच थेटरात दहातला एक जण गप्प बसलेला असतो, आणि त्याला एवढंच कळतं की आपण घरी काही सांगितलं तर आपल्याला काय समजलं जाईल. आणि सिनेमा म्हणूनही हा ट्विस्ट भीती घालवतो, कारण ज्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही अशा पेचात आपण होतो तो माणूस एका फटक्यात "त्यांच्यातला" होतो, आपल्यातला राहत नाही.

ह्याच्या उलट टोकाला मांत्रिक असतो. राम गोपाल वर्माचा २००३ चा 'भूत' मला आवडतो, एकही गाणं नाही, मुंबईतला उंचावरचा फ्लॅट, लिफ्ट, पार्किंग, वॉचमन, सगळं आपलं रोजचं, आणि उर्मिला मातोंडकरने जे काम केलंय त्याला तोड नाही. पण त्यात डॉक्टर निरुपयोगी ठरतो आणि रेखा येऊन सोडवते. ज्या महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करायला २०१३ उजाडावं लागलं आणि त्यासाठी झटणाऱ्या दाभोलकरांना त्याच वर्षी जीव गमवावा लागला, तिथे हे बघताना मला अवघड होतं. सिनेमाने प्रबोधन करावं असं मी म्हणत नाहीये. माझी तक्रार भीतीच्या बाजूनेच आहे. डॉक्टर असो की मांत्रिक, कुणीतरी बाहेरून येऊन "तुला हे झालंय" असं नाव देतो, आणि घरातल्यांनी ऐकलं नाही ही गोष्ट विसरली जाते, त्यांचा हिशोब होतच नाही.

हा हिशोब मल्याळम सिनेमावाल्यांना जास्त कळलाय असं माझं मत. १९९३ चा 'मणिचित्रताळ' घ्या, ज्यावरून पुढे हिंदीत 'भूल भुलैया' झाला. त्यातली गंगा मधूनच भलतीच कुणीतरी झाल्यासारखी वागते. एकदा ती सजून बाहेर निघालीय, आणि डॉक्टरच्या सांगण्यावरून नवरा तिला मुद्दाम जाऊ नको म्हणतो. आधी ती समजावते, मग आवाज चढतो, मग ती भलत्याच भाषेत बोलायला लागते आणि पलंग एका हाताने उचलते. शोभनाला ह्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण त्या सीनचा कळस पलंग नाहीये, त्यानंतरचं आहे. ती भानावर येते, तिला काहीच आठवत नाही, समोर नवरा थिजून उभा आहे आणि तो तसा का बघतोय हे तिला कळत नाही. आपण तिला घाबरत नाही, तिच्यासाठी घाबरतो. तिच्या नवऱ्याने आता पहिल्यासारखं वागलं नाही तर काय, ही आपली भीती असते.

आणि २०२२ चा राहुल सदाशिवनचा 'भूतकालम'. भाड्याचं घर, डिप्रेशनची गोळी घेणारी आई, नोकरी नसलेला मुलगा, आणि सुरुवातीलाच घरात आजीचा मृत्यू. रेवती आणि शेन निगम. घरात काहीतरी आहे हे दोघांनाही जाणवतंय, पण आईला वाटतं पोरगं वाया चाललंय, पोराला वाटतं आईचा आजार वाढलाय, आणि नातेवाईकांना वाटतं दोघांचंही डोकं ठिकाणावर नाही. जेवायच्या टेबलावर दोघं समोरासमोर बसतात, तेव्हा तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटतं की अरे बोला एकमेकांशी, तुम्ही दोघंही खरंच बोलताय. सिनेमा ती सोय फार उशिरापर्यंत देत नाही. तोवर जी भीती साचते तिला कुठल्याच साउंड इफेक्टची गरज लागत नाही.

म्हणून मराठीत हॉरर करू इच्छिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की भुतावर आणि व्हीएफएक्सवर पैसे घालण्याआधी त्या दुसऱ्या माणसावर मेहनत घ्या, जो विश्वास ठेवत नाही त्याच्यावर. त्याला मूर्ख करू नका, खलनायकही करू नका, त्याची कारणं पटण्यासारखी असू द्या, सगळ्यात समजूतदार वाक्यं त्यालाच द्या. त्याला ना मोठं बजेट लागतं ना परदेशी टीम. एक फ्लॅट, तीन नट पुरतात. आणि हे लिहायची परंपरा आपल्याकडे आहेच की, तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मध्ये १९६७ मध्येच एक खोली होती, बाहेरून कडी लागलेलं दार होतं, हसत-खेळत खोटा खटला चालवणारी ओळखीची माणसं होती आणि मधोमध एक बेणारे होती. त्यात भूत नव्हतं. ते नाटक करणाऱ्या कुठल्याही हौशी संस्थेतल्या पोरांना विचारा, दार उघडत नाही हे बेणारेला कळतं तेव्हा प्रेक्षागृहात काय होतं ते. त्या पोरांच्या हातात आज मोबाईल कॅमेरा आहे, ओटीटी आहे, आणि पुण्या-मुंबईत भाड्याने मिळणारे, शेजाऱ्यांचं नावही माहीत नसलेले हजारो फ्लॅट आहेत.